घुबडं चालत गेली त्या वर्षी

होळी जवळ आली की बेंगळुरातला वारा कोरडा होतो. गळलेली पानं पावलाखाली पापडासारखी मोडतात. करंजाच्या झाडाखाली फिकट फुलांचा सडा पडतो आणि सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरून जातं. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही कधीकाळी आवडायचे.

परवा बेळ्ळंदूरला भाचीकडे गेले होते. तिच्या बाल्कनीसमोर नवी इमारत उठते आहे. आम्ही चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात खालून घरघर सुरू झाली. खडकात भोक पाडणारं मशीन. आवाज कानाला कळण्याआधी तळपायाला कळतो. मी कप खाली ठेवला. "मावशी, काय झालं?" भाचीनं विचारलं. "काही नाही, खिडकी लाव," म्हणाले. तिनं काच सरकवली, आवाज अर्धा झाला. पण तळपायाचं काय करायचं?

त्या वर्षी आम्ही नुकतेच नव्या घरात राहायला गेलो होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन सांगलीहून आले ती मल्लेश्वरमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. सासरची माणसं कित्येक पिढ्यांची इथली. घरात मराठी, दारात कानडी. माझा नवरा श्रीधर कारखान्यात पाळीवर जायचा. त्याची थोरली बहीण शारदा, सगळ्यांच्या अक्का, हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. उंच, किडकिडीत, हातात बारमाही छत्री. मल्लेश्वरमच्या भाजीवाल्यासुद्धा त्यांच्यापुढे नीट तोलायच्या. राजाजीनगरच्याही पलीकडे, शेवटच्या बसथांब्यापासून चांगलं चालावं लागे अशा ठिकाणी, एका सोसायटीनं शेतं घेऊन प्लॉट पाडले होते. त्यातला एक आमचा. दोघा भावंडांनी मिळून घर बांधलं. सबंध लेआउटमध्ये राहती घरं मोजकीच. विजेचे खांब रोवलेले, पण त्यांच्यावर दिवे नाहीत. नाचणीची कापलेली शेतं, नीलगिरीची रांग, आणि घराच्या मागे बंडे.

बंडे म्हणजे खडक. इथले खडक आमच्या सह्याद्रीसारखे कडे करून उभे राहात नाहीत. जमिनीतून वर येऊन पाठ उन्हाला लावून पडून असतात. आमच्यामागचा बंडे चांगला टेकडीएवढा होता. करडा, मध्येच गुलाबी झाक, पावसाचं पाणी जिरून जिरून काळे पडलेले ओघळ, कपारीत घाणेरीची झुडपं. आमच्या घराच्या पायाचा दगड त्याच्याच एका कडेचा. संध्याकाळी त्याच्या अंगातून ऊब यायची. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं राहिलं की गालाला लागायची.

त्या दारातच मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. देवापाशी दिवा लावून मी वळले होते. "बुऽ… बूऽऽ." मोठ्या रिकाम्या रांजणात कुणी तोंड घालून हाक मारावी तसा. पुन्हा. मग दुसऱ्या बाजूनं, जरा चढ्या सुरात, तसाच. माझ्या हातातली काडेपेटी पडली. घुबड घराकडे तोंड करून ओरडलं की घरातलं माणूस जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. आणि श्रीधर कारखान्यात, यंत्रांच्या मधोमध. त्याची सायकल फाटकात वाजेपर्यंत मी देवापुढून उठले नाही.

अक्का मात्र मागच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, मान एका बाजूला कलती करून. शिक्षिका वर्गात शांतता आहे का हे ऐकते, तसं.

"शिंगवालं घुबड आहे, मालती," आत येऊन म्हणाल्या. "एक नाही, जोडी आहे. एकमेकांना उत्तर देतायत. बंड्यावर घर करणार बघ."

"अक्का, ते अशुभ असतं हो."

"स्वल्प धीर धर. शेतातले उंदीर खातंय ते. तुझ्या तांदळाच्या डब्यावर त्याचे उपकार आहेत."

उपकाराची गोष्ट मला पटली, पण भीती गेली नाही. पटणं डोक्यात असतं, भीती पोटात. संक्रांत झाली. शेजारपाजार नसल्यामुळे एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, वाटायला मी बसनं मल्लेश्वरमला जाऊन आले, आणि परत येताना दिवस कलला तर बंड्याकडे न बघता चालायचं, असं ठरवून टाकलं. न बघता चाललं की तो जास्तच दिसायचा.

एका रविवारी सकाळी अक्का मला घेऊन गेल्या. "ज्याचं भय वाटतं ते एकदा उजेडात बघावं," हे त्यांचं म्हणणं. खडकाच्या पश्चिमेच्या अंगाला, माणसाच्या दीड उंचीवर, एक पडवीसारखी कपार होती. आम्ही समोरच्या उंचवट्यावरून बघत होतो. आधी मला काहीच दिसेना. दगड, माती, वाळलेलं गवत. मग त्या दगडातला एक दगड डोळे उघडून माझ्याकडे बघू लागला. नारिंगी डोळे, निखाऱ्याच्या आतला रंग असतो ना, तसे. डोक्यावर दोन शिंगं, म्हणजे पिसांचे तुरेच. घरटं म्हणून काही नव्हतंच. काडी नाही, पीस नाही. उघड्या मातीवर जरा खोलगट जागा केलेली, आणि तिथे बसलेल्या मादीच्या पोटाखालून पांढऱ्या लोकरीचा गुंडा हलत होता. एक, दुसरा, तिसरा.

मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं. तशी ती कपारीतून जमिनीवर पडली. पडली असंच वाटलं मला. एक पंख लोळवत, फडफडत, खडकावरून घसरत ती आमच्यासमोरून दूर जाऊ लागली. "पंख मोडलाय!" मी ओरडले. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"काही मोडलेलं नाही. सोंग आहे. आपण तिच्या मागे जावं, पिल्लांकडे जाऊ नये म्हणून. फीर मागं. तिला जास्त दमवायचं नाही."

आम्ही मागे फिरलो. नीलगिरीपाशी येऊन मी वळून बघितलं तर ती उडून पुन्हा कपारीत बसत होती. दोन्ही पंख धड. इतके दिवस मी त्या पक्ष्याला भीत होते. तो पक्षी मला भीत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बंड्यावर लाल रंगाच्या खुणा दिसल्या. फुल्या आणि रेघा. सोसायटीला आणखी प्लॉट पाडायचे होते. बंडे फोडायचा, त्याच्या खडीनं रस्ते करायचे आणि उरलेल्या सपाटीवर घरं बांधायची. मग पत्र्याची शेड आली, भोकं पाडायचं मशीन आलं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती घरघर सुरू झाली. ताटं मांडणीवर आपोआप किणकिणायची. पहिला सुरुंग पूर्वेच्या टोकाला उडाला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. शिट्टी वाजली, लाल झेंडा हलला, आणि जमीन एकदम खाली जाऊन वर आली. धूळ इतकी की धुतलेली चादर पुन्हा धुवावी लागली. धूळ खाली बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो कपारीचा.

अक्का संध्याकाळी लांबून बघून आल्या. "बसलीय," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांची पायपीट सुरू झाली. शाळा सुटली की सोसायटीच्या कचेरीत. तिथला सेक्रेटरी हसला म्हणे. "गूबेसाठी काम थांबवू? मेडम, लोक प्लॉट घ्यायला येतात तेव्हा आम्ही देवाला विनवतो की ते ओरडू नये." कानडीत गूबे म्हणजे घुबड, आणि मूर्ख माणसालाही गूबेच म्हणतात; तो दोन्ही अर्थांनी हसला असणार. तिथून जंगल खात्यात. तिथला साहेब सज्जन होता. अर्ज द्या, माणूस पाठवतो म्हणाला. माणूस येईपर्यंत सुरुंग थांबणार नव्हते. अक्कांचं मागणं काही मोठं नव्हतं. बंडे वाचवा असं त्या म्हणतच नव्हत्या; ते होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ही पिल्लं उडायला शिकण्याआधी पायी घरटं सोडतात. पाय धरेपर्यंत पश्चिमेची बाजू तेवढी राहू द्या, इतकंच.

आणि मग तो माणूस घरी आला.

दुपारची वेळ. अक्का शाळेत, श्रीधर कामावर. फाटक वाजलं. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला विभूती, ठेकेदाराचा माणूस, मुनिराजू. खडक फोडायचं सगळं काम त्याच्या हाताखाली चालायचं. "ऊट आयता, अक्का?" त्यानं विचारलं. जेवण झालं का, असं इथे कुणीही कुणालाही विचारतं, आणि कुठल्याही बाईला अक्का म्हणतं. पाणी मागितलं. मी दिलं. पायरीवर बसून तो ते सावकाश प्याला, भांडं पालथं घालून घराकडे बघत म्हणाला, "चांगलं बांधलंय. आमच्याच बंड्याचा दगड ना?" मी मान हलवली.

"मोठ्या अक्का शेवटच्या बसनं येतात ना?" तो म्हणाला. "त्यांना सांगा, स्वल्प लवकर येत जा. रस्त्यावर दिवे नाहीत. कुत्री असतात, लोकही कसकसले असतात. आम्हाला काळजी वाटते."

त्यानं एकही वाईट शब्द उच्चारला नाही. फाटक नीट लावून गेला. मी आत येऊन कडी घातली, मागच्या दाराची घातली, मग खिडक्यांच्याही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या बंद घरात मी घामानं भिजत बसून राहिले.

श्रीधरला सांगितलं तेव्हा तो आधी फाटकाची कडी बघून आला. मग अक्कांना म्हणाला, "अक्का, सोड हे. आपल्याला इथं जन्म काढायचाय. आणि आपण कोणत्या तोंडानं बोलणार? आपला पाया त्याच खडकाचा आहे."

"म्हणूनच बोलायचं," अक्का म्हणाल्या. "ज्यानं त्याचा दगड घेतलाच नाही त्यानं कशाला बोलावं?"



दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी थांब्यावर अक्कांना आणायला जाऊ लागले. खरं तर मला एकटीला जायची भीती, त्यांना एकटीला येऊ द्यायची त्याहून जास्त. एक दिवस आम्ही परतताना मागून मोटारसायकल आली. दिवा लावलेला नव्हता. ती पुढे गेली नाही. आमच्या चालीनं मागे येत राहिली, इंजीन फुरफुरत. मी अक्कांचा दंड धरला. "मागं बघू नको," त्या म्हणाल्या, "आणि धावू नको. धावलं की झालं." नीलगिरीची रांग संपेपर्यंत ती मागे होती. मग वळून गेली. फाटकाला मी दोनदा कडी घातली. आत येऊन मी रडले. अक्कांनी घाईनं कॉफी केली आणि अर्धी जमिनीवर सांडली.

आजही कुणी मला विचारलं की तू कशाला घाबरतेस, तर मला अंधार किंवा चोर आठवत नाही. हळू चालणारी गाडी आठवते, आणि "आम्हाला काळजी वाटते" हे वाक्य.

पश्चिमेच्या बाजूला भोकं पाडून झाली तो दिवस शाळेचा होता. सकाळी अक्का तयार होऊन, छत्री घेऊन निघाल्या. मी समजले बसला गेल्या. डाळ शिजत होती. बंड्यावरची शिट्टी वाजली, मी सवयीनं मांडणीवरची बरणी खाली ठेवली आणि धमाक्याची वाट बघू लागले. धमाका झाला नाही. आरडाओरडा ऐकू आला. मागच्या दारातून बघितलं तर बंड्याच्या माथ्यावर काळी छत्री उघडलेली.

मी गॅस बंद केला की नाही हे मला आठवत नाही. अनवाणी पळाले. खाली कामगार मागे सरून उभे होते. मुनिराजू हातवारे करत होता. "उतरवा त्यांना! दोन भोकं भरलीत, अक्का, दारू भरलीय! ही काय चेष्टा आहे का?" तो माझ्यावर ओरडला. त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी चढले. खडक तापला होता, तळवे पोळत होते. कुठल्या पावलाखाली दारू आहे मला ठाऊक नव्हतं. अक्का कपारीपासून बऱ्याच अंतरावर बसल्या होत्या, घुबडाला त्रास होऊ नये म्हणून. अशातही ते त्यांनी पाळलं होतं.

"अक्का, चला. हात जोडते, चला."

"तू घरी जा, मालती."

मी वळले. खाली बघितलं. आणि माझे पाय गेले. मांडीपासून खाली काही उरलंच नाही. मी होते तिथेच, अक्कांना टेकून बसले. खाली लोकांना वाटलं, दुसरीही बसली. लेआउटमध्ये पुढे कित्येक वर्षं लोक माझ्या धिटाईबद्दल बोलायचे. मी बसले नव्हते. मला उभं राहता येत नव्हतं.

अक्कांच्या हातातली छत्री हलत होती. वारा नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"मला फार भीती वाटतेय गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "काहीतरी बोलत राहा. काहीही."

काय बोलावं सुचेना. मी कटाची आमटी कशी करायची ते सांगू लागले. आमच्या सांगलीकडची. पुरणाचं पाणी कसं काढायचं, खोबरं किती काळपट भाजायचं, चिंच कधी घालायची. अक्का मान हलवत होत्या. मध्येच म्हणाल्या, "गूळ?" मी म्हटलं, "शेवटी, थोडासा." खाली मुनिराजू शिव्या देत होता, विनवत होता, पुन्हा शिव्या देत होता. मी फोडणीपर्यंत पोचले, ती संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ऊन डोक्यावर आलं. छत्रीची सावली दोघींना पुरत नव्हती.

शेवटी तो वर आला. एकटाच. बिडी पेटवायला गेला आणि भरलेल्या भोकांची आठवण होऊन त्यानं काडी तशीच खिशात टाकली.

"तुम्हाला काही झालं तर मला फाशी आहे," तो म्हणाला. "आणि काम नाही झालं तर माझा मालक मला ठेवणार नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच खरा प्रश्न आला होता. अक्का वर्गात सांगावं तसं सावकाश बोलल्या. पिल्लं अजून लहान आहेत. थोडे दिवस. चालू लागली की आपली आपण जातील. "युगादी होऊन जाऊ दे. तुझे लोक सणाला गावी जाणारच. तोवर पूर्वेकडून फोड. मग मी या बंड्याकडे बघणारही नाही." युगादी म्हणजे आपला पाडवा.

तो बराच वेळ कपारीच्या दिशेनं बघत राहिला. "सरी, कबूल," म्हणाला. "युगादी. पुढे एक दिवस नाही." मग वाकून कामगारांना हाक मारली. त्यांनी घागरी आणून भरलेल्या भोकांत पाणी ओतलं. दारू भिजली तेव्हा दोघा कामगारांनी मला धरून खाली उतरवलं.

मुनिराजूनं शब्द पाळला. त्याच्या मालकाला त्यानं काय सांगितलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण म्हणून भीती संपली असं नाही; भ्यायला आता आणखी गोष्टी होत्या. पूर्वेचा प्रत्येक सुरुंग उडाला की आम्ही कपारीकडे बघायचो. भटकी कुत्री बंड्याभोवती घुटमळू लागली होती. दिवस मावळताना अक्का आणि मी उंचवट्यावर जाऊन बसायचो, मांडीवर दगड घेऊन. कधी श्रीधरही यायचा. कुत्रं दिसलं की आधी त्याचाच दगड जायचा.

युगादीच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. पिल्लांच्या बापानं उंच दगडावर बसून हाक दिली. आई कपारीत नव्हती. खाली घाणेरीपाशी बसून तीही बोलवत होती. पहिलं पिल्लू कपारीच्या काठाशी आलं, डोकं वरखाली केलं, आणि धपकन खाली उतरलं. दुसरं त्याच्यामागे. मग ती दोघं खडकाच्या उतारावरून चालू लागली. घुबड चालतं हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. मोठ्या माणसाची सैल विजार घातलेलं मूल चालावं तशी, पाय उचलून टाकत, पडत, थांबून चोच टकटक वाजवत. तिसरं आलंच नाही. अक्का अंधार होईपर्यंत थांबल्या. दुसऱ्या दिवशीही कपार रिकामी होती. तिसऱ्याचं काय झालं ते ठाऊक नाही. दोघं झुडपांतून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, रोज थोडी थोडी पश्चिमेकडे सरकत गेली. आईबाप पुढे जाऊन हाक मारायचे. हाक दर संध्याकाळी जरा लांबून यायची. एके दिवशी ती ऐकूच आली नाही, आणि ज्या आवाजानं माझी काडेपेटी पडली होती त्याच्यासाठी मी मागच्या दारात उभी होते.

सण झाला. आंब्याची तोरणं वाळली. कामगार गावाहून परतले आणि शिट्ट्या पुन्हा वाजू लागल्या. पश्चिमेची बाजू एका दिवसात गेली. अक्का दहावीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी डोकं वर केलं नाही, फक्त प्रत्येक धमाक्याला लाल पेन थांबायचं. संध्याकाळी धूळ बसल्यावर आम्ही दोघी गच्चीवर गेलो.

बंडे होता तिथे आता आकाश होतं. आणि त्या आकाशाच्या तळाशी, आजवर खडकामुळे कधी न दिसलेली, खूप दूर डोंगरांची एक निळी रेघ. उघडे, गोल माथ्याचे, खडकाचे डोंगर.

"तिकडेच गेली असतील," अक्का म्हणाल्या.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. मधली शेतं, मधली गावं, मधले ओढे. कितीतरी जागा होती, आणि सगळी सपाट, मोकळी, कुणीही मोजून घ्यावी अशी.

"अक्का, तिथवर पोचायला त्यांना पुष्कळ वेळ लागेल ना हो?"

"कुणाला?" अक्कांनी विचारलं.

घुबडांना म्हणायचं होतं की सुरुंगवाल्यांना, ते माझं मलाच सांगता येईना.